डॉलीवूडला तिकीट, डोंगरात मोफत प्रवेश. मग पार्किंगचे पैसे कशाला?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात पिजन फोर्ज हे डोंगराच्या पायथ्याचं छोटं शहर आहे. लोकवस्ती जेमतेम सहा हजारांची. पण राइड्स, शो आणि कंट्री संगीतासाठी इथे दरवर्षी लाखो कुटुंबं येतात. गायिका डॉली पार्टन यांचं नाव मिळालेलं 'डॉलीवूड' थीम पार्क इथलंच, १९८६ पासूनचं.

शहरात पावलोपावली खिशात हात घालावा लागतो. शेजारच्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात मात्र प्रवेश मोफत आहे.

असं का? उद्यानातून जाणारा मुख्य रस्ता अमेरिकन सरकारकडे सोपवताना टेनेसीने अट घातली होती: टोल कधीच घ्यायचा नाही. या उद्यानासाठी अनेक कुटुंबांना घरं सोडावी लागली होती. त्यामुळे स्थानिकांसाठी मोफत प्रवेश हा दिलेल्या शब्दाचा प्रश्न आहे.

मग अडचण काय? वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास भेटी. देशातलं सर्वाधिक गर्दीचं हे राष्ट्रीय उद्यान. पायवाटा, स्वच्छतागृहं, कर्मचारी यांचा खर्च वाढत गेला. म्हणून मार्च २०२३ पासून १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी उभी करायला पास लागतो: दिवसाला ५, आठवड्याला १५, वर्षाला ४० डॉलर. हा पैसा उद्यानासाठीच वापरला जातो.

म्हणजे अट मोडली का? कागदावर नाही. गाडीतून नुसतं आरपार गेलात तर पैसे लागत नाहीत. पण गाडी थांबवल्याशिवाय धबधबा कसा बघणार? वादाचं मूळ इथेच आहे.