काळजीवाहकांची काळजी कोणाला?

‘आमच्यामागे याचे कोण पाहणार?’ हा बौद्धिक अक्षम, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आईवडिलांचा प्रश्न जुनाच. त्यातूनच १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला. न्यासाने प्रौढांच्या निवासासाठी ‘घरौंदा’, तर काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठी ‘सहयोगी’ योजना आखली. मात्र प्रशिक्षित माणूस या कामात टिकावा कसा, हा प्रश्न उरलाच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे. मोबदला घेऊन वा मोबदल्याविना काळजी घेणारी कोणतीही व्यक्ती त्यात येते, आईवडीलही. पगारी मदतनीस आणि घरचे एकाच ओळीत बसल्याने हे कामही मायेतच जमा होते, आणि मायेला दर कोण लावणार? कलम २४ मध्ये काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. पण तो जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांग व्यक्तीसाठी, आणि तोही सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत.

प्रत्यक्षात हे काम कौशल्याचे आहे. वाढत्या वयाच्या मुलाला उचलणे, फिटची औषधे वेळेवर देणे, न बोलणाऱ्याचे दुखणे चेहऱ्यावरून ओळखणे. सर्वांत अवघड म्हणजे त्याला जमण्याजोगे काम त्याच्याच हातून होईपर्यंत थांबणे. शर्टाची बटणे लावायला वीस मिनिटे लागली तरी. ही ओळख जुळायला महिने जातात. मदतनीस बदलली की सारे पुन्हा पहिल्यापासून. नित्यक्रम मोडल्याने स्वमग्न तरुण बिथरतो आणि घरचेही त्याला हट्टीपणा म्हणतात. शहरांतील ब्युरोंच्या हिशेबात मात्र ही फक्त बारा तासांची पाळी असते.