मेजावरचें नेरळ

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या माजघरांतील लांब मेज तीन आठवडे कोणासही वापरावयास मिळालें नाहीं. त्यावर नेरळ स्टेशन वसावयाचें होतें. आमच्या बारा वर्षांच्या पुतण्यास वाढदिवसाची भेट म्हणून विजेवर चालणारी खेळण्यांतील आगगाडी मिळाली होती. रुळांच्या वर्तुळांत ती फिरतांना पाहून पहिले चार दिवस तो हर्षभरित झाला, आठव्या दिवशीं मात्र म्हणाला, "काका, ही गाडी कुठंच जात नाही." मुलाचें हें गाऱ्हाणें आम्हांस विचार करण्यासारखें वाटलें. गाडीला गांव हवें. आणि गांव हवें तर तें खरें कां नसावें?

नेरळाची निवड झाली ती आमच्या आत्याबाईंमुळें. त्यांचें बाळपण तेथें गेलें, व घरांतील प्रत्येक मुलानें त्यांच्या तोंडून त्या स्टेशनाच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत. शिवाय तें स्टेशन चित्र करण्यास मोठें सोयीचें. मुंबईपासून 86 किलोमीटरांवर मुंबई-पुणें मार्गावर तें आहे, आणि तेथूनच माथेरानची छोटी गाडी सुटते. हा सुमारें 20 किलोमीटरांचा डोंगरी मार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभाई यांच्या उद्योगानें 1907 सालीं खुला झाला. त्याचा कडा चढ विसांत एक, म्हणजे वीस मीटर पुढें गेल्यावर एक मीटर वर, असा आहे. मोठ्या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर 1676 मिलिमीटर, छोट्याचें अवघें 610. मोठ्या गाडींतून उतरून छोट्या गाडींत बसावयाचें, हाच त्या स्टेशनाचा आत्मा होय. आणि कोणत्याहि स्थळाची प्रतिकृति करतांना प्रथम त्याचा आत्मा कोणता हें ठरवावें लागतें, हा आमचा पहिला धडा.

एका रविवारीं वही व पेन्सिल घेऊन आम्ही दोघे नेरळास गेलों. रुळांवर उतरावयाचें नाहीं, फलाटावरूनच काय तें मोजावयाचें, हें आधींच बजावलें होतें. तरीहि पुष्कळ मोजतां येतें. रुळांखालील आडवे स्लीपर सुमारें साठ साठ सेंटीमीटरांवर असतात. ते मोजले कीं लांबी कळते. दरवाजाशेजारीं मनुष्य उभा केला कीं उंची कळते. पुतण्यानें दोन तासांत आठ पानें भरलीं.

घरीं येऊन गणित मांडतांच पंचाईत झाली. त्याच्या गाडीचें प्रमाण 87 व्या हिश्श्याचें. त्या मानानें बारा डब्यांच्या लोकलचा अडीचशे मीटरांचा फलाट जवळजवळ तीन मीटरांचा होतो, आणि आमची फळी आठ फूट लांब व दोन फूट रुंद! मग प्रमाण मोडावयाचें काय? नाहीं. प्रमाण तेंच ठेवून संख्या कमी करावयाची. बारा डब्यांऐवजीं तीन घेतले कीं 80 सेंटीमीटरांचा फलाट पुरतो. मनुष्य मात्र दोन सेंटीमीटरांहून किंचित् कमीच राहिला पाहिजे. त्याला वाढवून चालत नाहीं. गोष्ट सांगतांनाहि आपण प्रसंग गाळतों, पण माणसें बदलीत नाहीं, तसेंच हें.

रुळांचा प्रश्न याहून बिकट होता. खेळण्याच्या रुळांची रुंदी 16.5 मिलिमीटर, ती विलायती मार्गाच्या मापाची आहे. आपला रुंद मार्ग त्या प्रमाणांत 19 मिलिमीटरांहून थोडा अधिक भरतो. छोट्या मार्गासाठीं बाजारांत 9 मिलिमीटरांचे रूळ सहज मिळतात, पण हिशेबानें हवे 7. मोठा अरुंद आणि छोटा रुंद झाल्यावर दोहोंमधील तफावतच निघून जावयाची, आणि नेरळाचें नेरळपण तर त्या तफावतींतच! आम्हीं सुचविलें कीं, छोटा मार्ग 7 मिलिमीटरांचा घरींच करावा. गाडी पुठ्ठ्याची करून फलाटाशीं उभी ठेवावी. ती धांवणार नाहीं. पुतण्याचा चेहरा उतरला. त्यानें रात्रभर विचार केला व सकाळीं होकार दिला.

खरा कलह पुढेंच होता. चित्र 1960 सालचें करावयाचें ठरलें, कारण तेव्हां आत्याबाई दहा वर्षांच्या होत्या. पुतण्याचें इंजिन वाफेचें; जुना काळ म्हणजे वाफच, असें तो धरून चालला होता. आत्याबाईंनींहि ग्वाही दिली, "अरे, सगळीकडं धूरच धूर असायचा. माझं परकर-पोलकं काळं व्हायचं!" परंतु कल्याण-पुणें मार्गाचें विद्युतीकरण 1930 पर्यंत पुरें झालें होतें, म्हणजे आत्याबाईंच्या जन्माआधींच नेरळावरील मोठी गाडी विजेच्या तारेखालून धांवूं लागली होती. आम्हीं हें सांगतांच आत्याबाई रुष्ट झाल्या. "म्हणजे मी खोटं सांगते की काय?" असें म्हणून त्या देवघरांत गेल्या, आणि दोन दिवस त्यांनीं मेजाकडे पाहिलें नाहीं.

वाचकहो, या दोन दिवसांत आम्हांस मोठा मोह झाला. वडील मनुष्याच्या समाधानापुढें एका इंजिनाची काय मातब्बरी? पण पुतण्यास खरें गांव देण्याचें वचन आम्हींच दिलें होतें. तिसऱ्या दिवशीं त्यानेंच मार्ग काढला. तो आत्याबाईंजवळ बसला आणि विचारलें, "आत्याआजी, धूर कुठल्या बाजूनं यायचा?" त्या क्षणभर थांबल्या. "डोंगराच्या बाजूनं," त्या म्हणाल्या. आणि स्वतःच हंसूं लागल्या. छोट्या मार्गावर वाफेचीं इंजिनें 1980 नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांपर्यंत चालत होतीं. धूर खरा होता, परकर काळें होणें खरें होतें. फक्त तो धूर शेजारच्या गाडीचा होता. आम्ही आठवणीला खोटी म्हणावयास निघालों होतों. मुलानें तिला नीट प्रश्न विचारला.

मग कामास वेग आला. पुतण्यानें आपल्या इंजिनाचा वाफेचा सांगाडा काढून त्याच यंत्रावर विजेच्या इंजिनाचा पुठ्ठ्याचा सांगाडा चढविला. डोंगर हिरवेगार करावयाचे त्याच्या फार मनांत होतें; परंतु पावसाळ्यांत नेरळाहून छोटी गाडी सोडीत नाहींत. म्हणून महिना डिसेंबरचा धरला, व गवत पिंवळट केलें. त्यासाठीं काथ्या बारीक कातरला. चहाचा चोथा वाळवून माती केली. खडी म्हणून काळ्या दगडाचा चुरा वहिनींच्या पिठाच्या चाळणींतून चाळला, त्याबद्दलचें बोलणें आम्हीं निमूटपणें ऐकून घेतलें. छोटा मार्ग आरंभीं मोठ्याच्या बरोबरीनें जातो व मग पश्चिमेस डोंगराकडे वळतो; तें वळण फळीच्या मागच्या कोपऱ्यांत रंगविलेल्या पडद्याशीं नेऊन सोडलें.

आतां मोठी गाडी झाडांआडून येते, थांबते, आणि पडद्याआड निघून जाते. छोटी उभीच असते. गंमत अशी कीं, पाहणाऱ्यांचें लक्ष त्या न हालणाऱ्या गाडीकडेच जातें. "ही आतां सुटेल," असें पुतण्या प्रत्येकास सांगतो. फलाटावर पत्र्याच्या ट्रंकेजवळ परकर-पोलक्यांतील एक इवलीशी मुलगी उभी आहे. ती आत्याबाईंनीं स्वतः रंगविली; परकराचा कांठ मुद्दाम काळसर ठेवला.

आपल्या घरींहि अशी एखादी गाडी वर्तुळांत फिरत असेल, तर मुलांस घेऊन आपल्या गांवच्या स्टेशनावर अवश्य जावें, आणि परत आल्यावर घरांतील वडील माणसांजवळ बसावें. माप वहींत येतें. धूर कोणत्या बाजूनें यायचा हें मात्र विचारल्यावांचून कळत नाहीं, आणि तें सांगणारीं माणसें आहेत तोंवरच विचारलें पाहिजे.