शिलालेख डोळा वाचतो की मन?

१/८
वैनगंगेच्या काठावरील पवनी हे भंडारा जिल्ह्यातील प्राचीन नगर. १९६९-७० मध्ये येथील जगन्नाथ टेकडीच्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लिपीतील दानलेख उजेडात आले. असे झिजलेले लेख वाचताना आपण खरोखर अक्षरेच वाचतो का? माझे मत असे की, इतिहासप्रेमींनी लिपीइतकाच वाचणाऱ्या मनाचाही अभ्यास करावा.

२/८
ब्राह्मीचा उलगडाच मुळी अर्थाच्या बळावर झाला. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांच्या ध्यानी आले की, सांचीचे अनेक छोटे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. ही भाविकांची दाने असावीत, मग तो शब्द ‘दानं’ असावा, असा त्यांनी तर्क केला. अर्थ आधी आला. अक्षरे मागून ओळखू आली.

३/८
पवनीचे उत्खनन सुरू झाले त्याच १९६९ साली मानसशास्त्रज्ञ रायशर यांनी दाखवले की, क्षणभर झळकलेले अक्षर एकटे असण्यापेक्षा शब्दात असताना अधिक अचूक ओळखले जाते. १९७१ मध्ये मेयर आणि श्वानेवेल्ट यांना आढळले की, ‘पाव-लोणी’ यांसारखी अर्थाने जवळची इंग्रजी जोडी असंबद्ध जोडीपेक्षा लवकर ओळखली जाते.

४/८
आणि भावना? १९४९ मध्ये मॅकगिनीज यांनी निषिद्ध मानलेले शब्द पडद्यावर क्षणमात्र दाखवले. ते ओळखायला अधिक वेळ लागला. पुढच्याच वर्षी होवेस आणि सॉलोमन यांनी आक्षेप घेतला : असे शब्द छापील मजकुरात विरळ असतात, शिवाय ते उच्चारण्याचा संकोचही असतो. तेव्हा विलंबाचे कारण भावना की अपरिचय, हा प्रश्न उभा राहिला.

५/८
उलट, स्वतःचे नाव दुर्लक्षित आवाजांतूनही मनात शिरते. १९५९ मध्ये मोरे यांच्या प्रयोगात, लक्ष नसलेल्या कानावर वारंवार पडलेले शब्द कोणाच्या स्मरणात राहिले नाहीत. परंतु आपले नाव मात्र काहींना ऐकू आले.

६/८
आपल्यासाठी धोका नेमका येथे आहे. दगडावर तीन अक्षरे स्पष्ट, चौथे झिजलेले. आपले गाव, आपले कुळ, आपला धर्म सुचवणारे अक्षर मन तेथे अलगद बसवते. हा लबाडीचा भाग नव्हे. वाचणाऱ्याला ते खरोखरच दिसते. म्हणून प्रामाणिकपणा पुरेसा नाही, पद्धत हवी.

७/८
प्रिन्सेपही तर्कानेच चालले होते. परंतु ‘दानं’मधून मिळालेली अक्षरे इतर लेखांतही अर्थ देतात का, हे त्यांनी पडताळले. आपणही तेच करावे. आधी दिसतील तेवढीच अक्षरे उतरवावीत, संशयित अक्षरे चौकटी कंसात ठेवावीत. छायाचित्र दुसऱ्याला दाखवताना आपले वाचन सांगू नये. आधी त्याचे ऐकावे.

८/८
भावना बाजूला सारा, असे मी म्हणणार नाही. तिच्यावाचून पवनीच्या टेकडीवर कोण जाईल? परंतु दोन सहस्रकांपूर्वीच्या दात्यांनी दगडावर स्वतःची नावे कोरून घेतली होती. त्यांच्या जागी आपले नाव वाचणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा पुसून टाकणे होय.