गाईची दुसरी मोजणी

गोव्यातील पेडणे 1788 मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले. डिचोली त्याआधीच, 1781 मध्ये. या नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर मिळवलेल्या मुलखात, राज्यकर्ते बदलले, पण गुरांचा दिनक्रम तोच राहिला. पावसाळ्यात गुरे सड्यावर, म्हणजे कातळपठारावर, चरायची, रात्री गोठ्यात यायची. गाय पाळायची ती बैलासाठी आणि शेणखतासाठी. दूध हा वरकड लाभ. वासरू खंगले तर झाडपाला, नाहीतर नशीब. जगले त्याचाच वंश वाढला.

या निर्दय निवडीत जंतांचा वाटा मोठा होता. शेणात पडलेल्या अंड्यांतून उबदार, ओल्या हवेत आठवडाभरात अळ्या तयार होतात. गवताच्या पात्यावरील पाण्याच्या थरातून त्या वर चढतात आणि चाऱ्याबरोबर पोटात जातात. हिमाँकस हा जंत गुराच्या चौथ्या पोटाला चिकटून रक्त शोषतो. त्याची एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. वासराची पापणी उलटून पाहिली तर आतून पांढरी फटक दिसते, पुढे जबड्याखाली पाणी साठते. गोव्यासारख्या तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात हे नवे नाही.

1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्याच वर्षी थायबेंडाझोल हे जंतनाशक बाजारात आले आणि जंतांचा प्रश्न संपल्यासारखा वाटला. पण 1964 पर्यंत त्याला दाद न देणारे जंत मेंढ्यांत आढळलेही. 1981 मध्ये आयव्हरमेक्टिन आले. पुढे तेही जंतांनी पचवले. इकडे कृत्रिम रेतनातून जर्सी आणि होल्स्टीनचे रक्त गोठ्यांत आले. संकरित गाईने घर चालवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र गाईचे मोल लिटरांत ठरू लागले आणि जंतांचा हिशेब औषधाच्या बाटलीवर सोडला गेला.

मेरीलँडमधील एका अँगस कळपावर अमेरिकी शास्त्रज्ञांनी केलेले काम इथे महत्त्वाचे ठरते. एकाच जातीच्या, एकाच कुरणावर चरणाऱ्या गुरांपैकी काहींच्या शेणात जंतांची अंडी कायम कमी राहिली, काहींची वाढून उतरली आणि थोडी गुरे मात्र सतत जास्त अंडी टाकत राहिली. कुरण नासवतात ती मुख्यतः हीच थोडी गुरे. गुरागुरांतील या फरकाचा सुमारे तीन दशांश भाग आनुवंशिक असतो. दूध उत्पादनाची आनुवंशिकताही साधारण तेवढीच. आणि तेवढ्या बळावर निवड करून जगाने दूध बरेच वाढवले. आपल्याकडे फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीचा दख्खनी मेंढीशी संकर करून संकरित कोकरांच्या लेंड्यांतील जंतांची अंडी मोजली, तेव्हा ती कमी भरली.

पण एकाच जातीतही गुरागुरांत एवढा फरक असतो, म्हणून ‘गावठी गाय म्हणजे जंतांना पुरून उरणारी’ असे सरसकट म्हणून भागणार नाही. कर्नालच्या, पशूंच्या जाती नोंदवणाऱ्या राष्ट्रीय ब्युरोने गोव्याच्या श्वेतकपिलेला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, हे उत्तम झाले. पण ती नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी आहे आणि दिवसाला दोन-तीन लिटर दूध देते, एवढ्याने तिचे मोल कळत नाही. श्वेतकपिलेतही सरस-निरस असणारच. ते निवडायला मोजणी लागते.

ही मोजणी महागही नाही. चिमूटभर शेण मिठाच्या संपृक्त पाण्यात ढवळले की अंडी वर तरंगतात. आखीव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजता येतात. डिचोलीत खाणींनी आणि पेडण्यात मोपाच्या विमानतळाने सडे गिळले. उरलेल्या तुकड्यांवर तीच गुरे पुन्हा पुन्हा चरतात, म्हणजे अळ्यांचा मारा वाढणारच. अशा वेळी सरसकट सगळ्या कळपाला औषध पाजणे म्हणजे औषधाला न जुमानणारे जंत निवडून वाढवणे होय.

जुन्या गोव्याची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था, पशुसंवर्धन खाते आणि दूध संस्था यांनी पावसाळ्यात चरणाऱ्या पाड्यांची अशी नोंद ठेवावी. रेतनासाठी वळू निवडताना त्याच्या मुलींच्या दुधाशेजारी ही अंड्यांची संख्याही लिहावी. एका वळूचे रेत हजारो गोठ्यांत पोहोचते. त्याची निवड चुकली तर ती चूकही तितक्याच गोठ्यांत जाते. निकाल दिसायला दोन-तीन पिढ्या, म्हणजे दहा-पंधरा वर्षे लागतील. एवढा धीर निवडणुकीच्या वेळापत्रकात बसत नाही. म्हणून ही नोंद योजनांच्या घोषणांत न ठेवता खात्याच्या रोजच्या कामात बसवायला हवी.