सहीपुरते नागरिक

परग्रहवासी म्हटले की पृथ्वीवर स्वारी, हे आपल्याला आता पाठ झाले आहे. नील ब्लॉमकॅम्पच्या ‘डिस्ट्रिक्ट ९’ (२००९) या चित्रपटात मात्र उलटेच घडते. १९८२ साली जोहान्सबर्गवर एक यान येऊन थांबते आणि आत सापडतात लाखो उपाशी जीव. माणसे त्यांना ‘प्रॉन’, म्हणजे कोळंबी, म्हणून हिणवतात. त्यांची शस्त्रे माणसाला चालवताही येत नाहीत. तरी ते ती मांजरांच्या डबाबंद खाण्याच्या बदल्यात विकून टाकतात!

असे का? पुढारी मेले असावेत, उरले ते हुकमाचे ताबेदार, असा चित्रपटातला तर्क. आम्हाला तो अपुरा वाटतो. खरी गोम कागदात आहे. वस्तीतून हुसकावताना नोटिशीवर त्यांची सही लागते. चिडून कोणी कागदावर फटका मारला, तर तीही सहीच! बाकी कशातही त्यांना विचारत नाहीत.

नावामागे केपटाऊनच्या ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ची आठवण आहे. १९६६ मध्ये ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि ६०,००० वर लोक हलवले गेले. ज्या संसदेच्या कायद्याने हे घडले, तिथे गोऱ्यांखेरीज कोणाला बसता येत नव्हते. चित्रपटाचे चित्रीकरण सोवेटोतल्या खऱ्याखुऱ्या झोपडपट्टीत झाले. तिथल्या रहिवाशांनाही तेव्हा दुसरीकडे हलवले जात होते.