आधी दरवाजा, मग स्पीकर

ऊसतोडीच्या हंगामात मुरगूड-निपाणी रस्त्यावर ट्रॅक्टरवरील स्पीकर जो दणका देतात, त्यालाच उत्तम आवाज मानण्याची सवय कागल तालुक्याच्या कानांना जडली असल्याने, मोटारीत नवे स्पीकर बसवणारा ग्राहकही खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यालाच भुलतो. वस्तुतः तो आकडा बहुधा क्षणिक कमाल शक्तीचा असतो, आणि ‘५० वॅट’ म्हणवणारा मोटारीतला टेप एकेका स्पीकरला सलगपणे साधारण १५ ते २० वॅटच पुरवतो. आवाज बिघडण्याचा खरा दोष स्पीकर ज्यात बसवतात त्या दरवाजात असतो. स्पीकरचा पडदा पुढे सरकताना समोरच्या हवेचा दाब वाढतो, त्याच क्षणी मागचा घटतो, आणि दरवाजाच्या आतल्या पत्र्याची भोके उघडी राहिल्यास मागची लहर पुढे येऊन पुढच्या लहरीला मारते; परिणामी ढोलकीचा घुमारा हरपून टणत्कार तेवढा उरतो. म्हणून भोके बुजवून, पत्र्याची थरथर शोषणारी रबरी चादर, जिला दुकानदार डॅम्पिंग शीट म्हणतात, चिकटवल्याशिवाय महागडा स्पीकर घेणे ही निव्वळ उधळपट्टी होय. डाव्या-उजव्या स्पीकरांपैकी एकाच्या अधिक-उणे तारा उलट जोडल्या गेल्या तरी हा घुमारा, म्हणजे बास, असाच पळतो, परंतु ती चूक फुकटात सुधारत असल्याने दुकानात तिची चर्चा क्वचितच होते.