मायलेज, ई-२० आणि एक थर्मोस्टॅट

सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा आधीचा मालक म्हणाला, १६ देते. महाळुंग्याच्या फेऱ्यांत भरलं ११. टाकी फुल ते टाकी फुल, तीनदा मोजून! कँटीनमध्ये सगळ्यांचं एकच निदान: "ई-२० रे, दुसरं काय!"

मला हे पटत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. २० टक्के मिसळलं की फटका ६-७ टक्क्यांचा. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी हाच अंदाज आहे. म्हणजे १६चे १५ व्हावेत. सरकारला शिव्या जरूर घाला, पण आधी भागाकार तरी करा की राव! बाकीचे ४ कुठे गेले?

ओबीडी स्कॅनर लावला. एरर कोड एकही नाही. पण रविवारी सकाळी तळेगावच्या मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवूनही कूलंट ६० अंशांवरच. हवं ९०च्या आसपास. थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला! इंजिन अजून गार आहे समजून ईसीयू बिचारा जास्त पेट्रोल सोडत होता. (मेकॅनिक इंजेक्टर बदलायला निघाला होता.) शिवाय मागचा एक ब्रेक धरत होता, चाक हाताला गरम लागायचं. टायरांत हवा कमी होती, ते वेगळंच.

आता १४ देते. उरलेला १ चाकणच्या ट्रॅफिकला.